दर फेरीला दोन लिटर

एप्रिलचा पहिला आठवडा होता. उसाचा सीझन उरकून आमच्या ट्रकांपैकी सहा नंबरची गाडी पुन्हा साखरेच्या भाड्याला लागली होती. सांगली भागातून पोती भरायची, न्हावा शेव्याला रिकामी करायची, येताना मिळेल तो माल घालायचा. जाऊन-येऊन सातशेवीस किलोमीटर. तिसरी फेरी करून आल्यावर मामांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दादा, सहा नंबर तेल प्यायला लागलीय. दर फेरीला दोन लिटर."

मामा आमच्याकडचे सर्वांत जुने ड्रायव्हर. ते उगाच बोलत नाहीत, त्यामुळे मी लगेच मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं टोपण काढलं, त्या भोकावर तळहात धरला, हात पुसला आणि निकाल दिला. "बॅक मारतंय. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करून घ्या, नाहीतर वाटेत बसंल."

बॅक मारतंय म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून त्या भोकातून बाहेर येतोय. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक चेसिसवरच ठेवून वरून हेड आणि खालून चेंबर, म्हणजे तेल साठतं ती टाकी, उतरवायचं आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत), पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन घालायचं. सहा सिलिंडरच्या या इंजिनाला मिस्त्रींनी १,६०,००० रुपयांचा अंदाज सांगितला. गाडी आठ-नऊ दिवस उभी राहणार ते वेगळंच. गाडी २०१८ची, बीएस-४, दहा चाकी, तोपर्यंत ३,४०,००० किलोमीटर चाललेली. या वयात इंजिन उघडावं लागलं तर आश्चर्य नाही, पण अजून बरंच चालायला हवं होतं.

मी मेकॅनिक नाही. घरच्या नऊ गाड्यांच्या देखभालीची वही माझ्याकडे असते, एवढंच. म्हणून पैसे मोजण्याआधी वहीच उघडली. दोन लिटर प्रति फेरी म्हणजे हजार किलोमीटरला पावणेतीन लिटर. याच गाडीने गेल्या वर्षी एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे ४०,००० किलोमीटरमध्ये, वरून १२ लिटर घेतलं होतं. हजाराला ०.३. मग पाच महिन्यांत नऊपट? रिंग तुटली असती किंवा पिस्टन फाटला असता तर मागून निळा धूर निघाला असता, ओढ मेली असती. मामा तर म्हणत होते की खंबाटकी पूर्वीसारखीच चढते. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

पट्टी कुठे बघता?

मी मामांना एकच प्रश्न विचारला. तेलाची पट्टी कधी आणि कुठे बघता? उत्तर सरळ होतं. येताना घाट चढून आल्यावर ते एका ठरलेल्या ढाब्यावर चहाला थांबतात, तेव्हा. चहा सांगायचा, केबिन उचलायची, पट्टी बघायची, तेल ओतायचं, चहा प्यायचा.

म्हणजे इंजिन बंद होऊन पाचच मिनिटं झालेली. एवढ्या वेळात हेडमधलं, टर्बोमधलं (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), वाटेतल्या नळ्यांमधलं तेल चेंबरमध्ये उतरलेलं नसतं. त्यात त्या ढाब्यासमोरची जागा गटाराकडे कललेली. पट्टी ज्या बाजूला आहे ती बाजू वर राहिली तर तेल आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मामांना पट्टी मिनिममला टेकलेली दिसायची आणि ते दोन लिटर ओतायचे. गाडी सकाळी आमच्या आवारात उभी असताना पट्टी कोणीच बघत नव्हतं, कारण तेल तर कालच भरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी होती तेव्हा मी स्वतः पट्टी ओढली, पुसली, परत घातली, ओढली. तेल मॅक्सिममच्या वर १२ मिलिमीटर. आमच्या या इंजिनाच्या पट्टीवर मिनिमम ते मॅक्सिमम ४० मिलिमीटर आणि त्यात चार लिटर मावतं. मिलिमीटरला शंभर मिली धरा. म्हणजे गाडी सव्वा लिटर जास्त तेल घेऊन फिरत होती.

जास्तीच्या तेलाचं पुढे काय होतं ते ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीने दाखवलं. चेसिसच्या आतल्या बाजूला नळीच्या तोंडाशी तेलात भिजलेल्या धुळीचा काळा गोळा बसला होता, लिंबाएवढा. तेल वर चढलं की फिरणारी क्रँक त्यात आपटते, तेल घुसळतं, त्याचा फेस आणि धुकं होतं आणि ते ब्रीदरवाटे बाहेर पडतं. पातळी मॅक्सिममच्या आसपास आली की हे बाहेर पडणं थांबतं. इंजिन स्वतःची लेव्हल स्वतःच करून घेतं म्हणा ना. पुढच्या चहाला मामा पुन्हा दोन लिटर ओतणार आणि पुन्हा त्यातलं बरंचसं रस्त्यावर सांडणार.

याचा अर्थ गाडी तेल पीतच नव्हती असं नाही. किती पीत होती ते कोणालाच माहीत नव्हतं, इतकंच.

मोजणं

आवारात विहिरीकडच्या बाजूला पाणी ओतून बघून एक सपाट जागा ठरवली आणि चारही कोपऱ्यांच्या चाकांसाठी चुन्याच्या खुणा केल्या. जास्तीचं तेल काढून पातळी बरोबर मॅक्सिममला आणली. मामांना सांगितलं, पाच फेऱ्या होईपर्यंत वरून थेंबही घालायचा नाही. पट्टी रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, सपाटीवर बघायची. मिनिममच्या खाली गेली तरच फोन करायचा. सोबत पाच लिटरचा सीलबंद कॅन दिला.

मामांना हे पटलं नाही. "मधेच इंजिन धरलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती, कारण तेलाविना बसलेली इंजिनं त्यांनी पाहिलेली आहेत. मी म्हटलं, मिनिममच्या खुणेवरसुद्धा चेंबरात भरपूर तेल असतं, या इंजिनात फिल्टरसकट १८ लिटर मावतं. प्रेशरचा काटा बघत राहा. काटा हलला तर गाडी बाजूला घ्या, पट्टीची वाट बघू नका.

पाचच फेऱ्या का? पट्टी वाचताना नजरेची चूक दोन-तीन मिलिमीटरची सहज होते, म्हणजे ३०० मिलीपर्यंत. एका फेरीवर आकडा काढला तर हजार किलोमीटरमागे ०.४ लिटर इकडे किंवा तिकडे. चांगल्या अवस्थेत ही गाडी पीत होती ०.३. म्हणजे चूक मूळ आकड्यापेक्षा मोठी! तीच चूक ३,६०० किलोमीटरवर पसरली की ०.०८ उरते. तेलाचा खप एका दिवसात मोजता येत नाही, कोणी कितीही खात्रीने सांगो.

पाच फेऱ्या झाल्या. गाडी चुन्याच्या खुणांवर रात्रभर उभी केली. सकाळी पट्टी मॅक्सिममपासून ३४ मिलिमीटर खाली. खुणा केलेल्या मापाने तेल ओतत गेलो, मॅक्सिममला यायला ३.४ लिटर लागलं. किलोमीटर ३,६००, डिझेल ९०५ लिटर.

हजाराला ०.९४ लिटर. मामांच्या आकड्याच्या एक तृतीयांश. पण गाडीच्या स्वतःच्या गेल्या वर्षीच्या आकड्याच्या तिप्पट. मामांची तक्रार मापात चुकली होती, खोटी मात्र नव्हती.

किलोमीटरमागे हिशेब मी फक्त मामांना सांगायला करतो. वहीत तेल डिझेलच्या टक्क्यात लिहितो. कारण साधं आहे. सीझनमध्ये हीच गाडी शेतातून कारखान्यावर पंचवीस-तीस किलोमीटर जाते आणि मग ऊस टाकायच्या गव्हाणीच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू-बंद करत पुढे सरकते. किलोमीटर पळत नाहीत, इंजिन मात्र फिरत असतं. तेव्हा हजार किलोमीटरचा आकडा कुठल्याही गाडीचा वाईटच दिसणार. डिझेल मात्र इंजिनाने जेवढं काम केलं तेवढंच जळतं, म्हणून तेलाची तुलना डिझेलशी केली की ऊस आणि हायवे एकाच तराजूत येतात. गेल्या वर्षी १२ लिटर तेल १०,००० लिटर डिझेलवर गेलं, म्हणजे ०.१२ टक्के. आता ०.३८ टक्के.

मागून निळा धूर दिसत नव्हता याचाही उलगडा इथेच होतो. अडीचशे लिटर डिझेलबरोबर एक लिटर तेल जळालं तर धूर डोळ्याला दिसेलच असं नाही. मिस्त्रीलोक धुरावर फार विश्वास ठेवतात. सकाळी पहिल्या स्टार्टला एक निळा झोत निघून थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बघावं, चढाला लोड घेताना सतत निळं निघालं तर रिंगांकडे, एवढं खरं. पण धूर नाही म्हणजे तेल जळत नाही, असं म्हणता येत नाही.

तेल जातं कुठे

बाहेरच्या गळतीपासून सुरुवात केली, कारण ते फुकट असतं. इंजिन धुऊन वाळवलं, जोडांवर खडूची पूड मारली, रात्रभर खाली पुठ्ठा टाकला. टॅपेट कव्हर कोरडं, मागचं ऑइल सील कोरडं, चेंबरच्या गॅस्केटला एक घामट रेघ, बस. रेडिएटरचं टोपण काढून बघितलं, पाण्यावर तवंग नाही, म्हणजे ऑइल कूलर शाबूत. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच तेलावर चालतो. तो तेल फेकत असेल तर ते हवेच्या टाक्यांत उतरतं. टाकीचा ड्रेन पांढऱ्या कागदावर सोडला. पाण्याचे थेंब आणि दोन करडे ठिपके. चालायचंच.

मग टर्बो. टर्बोचं सील गेलं तर तेल हवेच्या पाइपातून थेट सिलिंडरमध्ये जातं. मिस्त्रींनी टर्बोतून इंटरकूलरकडे, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा पाइप सोडला, आत बोट फिरवलं. ओशट होता, पण तेल साचलेलं नव्हतं. शाफ्ट हलवून बघितला, खेळ नेहमीइतकाच. "टर्बो ठीक हाय," म्हणत त्यांनी पुढचा, म्हणजे एअर क्लीनरकडून येणारा रबरी एल्बो, वळणाचा पाइप, काढला आणि टॉर्च मारला.

टर्बोच्या हवा ओढणाऱ्या चाकाची पाती समोर होती. नव्या चाकाच्या पात्याची कड सुरीसारखी असते, बोट लावायला भीती वाटते. या कडा बोथट होत्या आणि पुढून मॅट झालेल्या, पॉलिश पेपर मारल्यासारख्या. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चाकाची कड कशाने घासते? फिल्टर झालेल्या हवेने नक्कीच नाही.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी एल्बो उन्हात धरला आणि अंगठ्याने दाबत फिरवला. क्लिपच्या खालच्या अंगाला, जिथे उभ्याने कधीच नजर जात नाही, रबर उघडलं. दोन इंच लांब चीर. अंगठा काढला की ती मिटायची, जणू नाहीच. इंजिन हवा ओढायला लागलं की तेवढी उघडत असणार. आतल्या बाजूला चिरेपासून टर्बोच्या दिशेने पंख्यासारखी पसरलेली काळी भुकटी होती. चिमटीत घेऊन चोळली तर कचकच लागत होती. कृष्णाकाठची काळी माती, ऊसाच्या बैलगाडीवाटेची.

एअर फिल्टर नवा होता, चांगल्यातला होता. चीर फिल्टरच्या पुढे होती, फिल्टर तिला काय करणार? पाच महिने गाडीने शेतातली धूळ न गाळता प्यायली होती.

चीर पडली कशी, याचं उत्तर आमच्याच शिस्तीत सापडलं. सीझनमध्ये मी क्लीनर पोरांना सांगून ठेवलं होतं की दर तीन-चार दिवसांनी फिल्टरला हवा मारायची. पोरं इमानदार. ती फिल्टर काढायची, टायरवर आपटायची, पंक्चरवाल्याच्या नळीने आतून फुंकायची. प्रत्येक वेळी हौसिंग हलायचं, एल्बो पिळला जायचा, क्लिप थोडी सरकून पुन्हा आवळली जायची. आधीच उन्हाने कडक झालेलं रबर क्लिपच्या कडेवर चिरलं.

आणि त्या हवा मारण्याचा फायदा? शून्याच्या खाली. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक गाळतो. जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर काढताना कडेची धूळ आत सांडते ती निराळीच. फिल्टर कधी चोंदला ते सांगायला हौसिंगवर इंडिकेटर असतो, तो लाल होईपर्यंत हात लावायचा नाही. हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, न फाटता पडून होतं.

धूळ आणि तेलाचा संबंध थोडा सांगायला हवा. हवेबरोबर आलेली माती सिलिंडरच्या वरच्या टोकाशी, जिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, सर्वांत जास्त नुकसान करते. तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ असतो आणि काही मायक्रॉनचा कण त्या थराएवढाच जाड असतो. तो वरची रिंग आणि लायनर दोन्ही घासतो. रिंग झिजली की तिची फट वाढते, जळालेला वायू खाली चेंबरात उतरतो, तोच मिस्त्रींच्या तळहाताला लागला. उरलेली माती तेलात मिसळून खाली जाते. सर्वांत बारीक कण तर ऑइल फिल्टरमधूनही निसटतात आणि तेलाच्या रिंगेच्या पातळ कडा बोथट करत राहतात. तेल खरवडून खाली आणायचं काम तिचं. ती बोथट झाली की भिंतीवर तेल मागे राहतं आणि डिझेलबरोबर जळतं.

म्हणजे मिस्त्रींचं निदान बरोबर होतं. रिंगा झिजल्या होत्या. पण त्यांचं ऐकून त्याच आठवड्यात हाफ इंजिन केलं असतं तर १,६०,००० च्या नव्या रिंगा-लायनरला आम्ही त्याच फाटक्या एल्बोतून पुढच्या सीझनची धूळ पाजली असती. एल्बो ही हाफ इंजिनच्या यादीत येणारी वस्तूच नाही. तो पुसून परत बसवला जातो. हे मी मिस्त्रींना म्हणालो तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बसवलाच असता."

नऊ नंबर

तेलाचा नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचा ठरवला. एकट्या सहा नंबरच्या आकड्यांवरून मला काय कळणार, म्हणून त्याच मॉडेलच्या चार आणि नऊ नंबरचेही नमुने घेतले. नऊ नंबर माझी लाडकी. ऑइल बदलून ६,००० किलोमीटर झाले होते आणि वहीत वरून टाकलेलं तेल शून्य. पट्टी हललेलीच नव्हती. तिच्या ड्रायव्हरचं मी चारचौघांत कौतुकही केलं होतं.

नमुना घेताना पट्टी ओढली. तेल पट्टीच्या टोकावरून पाण्यासारखं टपटपलं. नाकाशी धरली आणि घाण वास आला. तेलाचा नाही, डिझेलचा.

१५डब्ल्यू-४० तेलाची १०० अंशाला घट्टता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या मध्ये असायला हवी. नऊ नंबरची आली ११.१. तेलात जवळपास सात टक्के डिझेल. गाडीने पूर्वीच्या सवयीप्रमाणे सव्वा लिटरच्या आसपास तेल जाळलं होतं आणि तेवढंच डिझेल आत येत होतं. पट्टीला दोन्हीतला फरक कळत नाही. हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील गळत होतं आणि डिझेल टायमिंग केसमधून सरळ चेंबरात उतरत होतं. पातळ झालेल्या तेलावर बेअरिंग किती दिवस टिकली असती? पंप काढून सील घातलं, तेल-फिल्टर बदललं. सहा नंबरने आरडाओरडा केला म्हणून नऊ नंबर वाचली, नाहीतर आधी तीच बसली असती.

तेव्हापासून वहीत कुठल्या गाडीसमोर शून्य दिसलं की मी आधी तिच्याकडे जातो. थोडं तेल प्रत्येक निरोगी इंजिन खातं. रिंगांना आणि व्हॉल्व्हना तेल मिळतं, त्यातलं थोडं जळणारच. नव्या बीएस-६ गाड्यांत तर एक्झॉस्टचा फिल्टर साफ करायला जादा डिझेल फवारलं जातं. त्यातलं काही भिंतीवरून चेंबरात उतरतं आणि पट्टी वरही चढू शकते.

आकडे आले

सहा नंबरच्या तेलात दहा लाख भागांत सिलिकॉन ३८, लोखंड ११२, ॲल्युमिनियम १७, क्रोम ८. चार नंबरमध्ये हेच अनुक्रमे ८, ३४, ४ आणि १. दोन्ही तेलं साधारण बावीस हजार किलोमीटर चाललेली. एकटं सिलिकॉन वाढलं असतं तर मी गॅस्केट चिकटवायच्या पेस्टवर संशय घेतला असता, ती तेलात उतरते आणि फसवते. इथे सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम होतं, म्हणजे माती, आणि शिवाय पिस्टनही. लोखंड लायनरचं, क्रोम रिंगेवरच्या मुलाम्याचं. आधी एल्बो सापडला नसता तर या कागदाने आम्हाला तिथेच नेलं असतं, फक्त दहा दिवस उशिरा.

दोन सिलिंडरचे इंजेक्टर काढून मोबाइलला जोडायचा साडेपाच मिलिमीटरचा कॅमेरा आत सोडला. लायनरच्या वरच्या भागातली होनिंगची, म्हणजे तेल धरून ठेवायला मुद्दाम कोरलेल्या बारीक रेघांची, जाळी पुसली गेली होती, उभ्या बारीक रेघा दिसत होत्या. खाली गेल्यावर जाळी शाबूत. खोल ओरखडा नाही, काही तुटलेलं नाही. झीज होती, मोडतोड नव्हती.

मग पैशाचा हिशेब. महिन्याला दहा फेऱ्या, ७,२०० किलोमीटर. गेल्या वर्षीपेक्षा जास्त जाणारं तेल महिन्याला साडेचार-पावणेपाच लिटर. बॅरलने घेतलेलं तेल आम्हाला तीनशेच्या आसपास पडतं, म्हणजे महिन्याला चौदाशे रुपये, वर्षाला सतरा हजार. तेल वाचवायला १,६०,००० घालायचे तर ते वसूल व्हायला नऊ वर्षं. तेलासाठी इंजिन उघडायचं कारणच नव्हतं. उघडायचं ते ओढ गेली, स्टार्टला त्रास झाला, ॲव्हरेज पडलं किंवा झीज थांबली नाही तर. ॲव्हरेज चारचं चारच होतं.

ही गाडी बीएस-६ असती तर मी इतका निवांत बसलो नसतो. तेलात मिसळलेल्या रसायनांची राख होते. एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जाळता येते, राख जळत नाही, ती साठत जाते. तिथे जास्तीचं तेल म्हणजे लवकर चोंदलेला आणि महागडा फिल्टर. आमच्या बीएस-४ गाडीला ते दुखणं नाही.

नवा एल्बो, नव्या क्लिपा, नवा एअर फिल्टर, तेल बदललं. मिस्त्रींच्या समोर वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलं की तेल डिझेलच्या ०.५ टक्क्यावर सलग तीन वेळा गेलं, तर मी कुरकुर न करता इंजिन उघडायचं. ही रेघ आमची, आमच्या गाडीसाठी. कंपनीच्या पुस्तकात दुसरी असेल, आणि गाडी वॉरंटीत असेल तर तीच धरावी. रेघ आधी ओढून ठेवणं मला महत्त्वाचं वाटलं, कारण सीझनच्या तोंडावर माणूस आकडे आपल्याला हवे तसे वाचतो.

मे महिन्यात ०.३७. जूनला ०.३८, जुलैला ०.३९. ऑगस्टला पुन्हा ०.३८. सप्टेंबरला ०.४० आलं तेव्हा मिस्त्रींनी भुवया उंचावल्या, मी पण. पण तोवर नव्या तेलाचा नमुना आला होता, सिलिकॉन ११, लोखंड ४१. नमुना लहान अंतराचा होता, म्हणून हे आकडे मी जुन्यांशी सरळ ताडून बघत नाही. तरी नवी माती आत जात नाहीये, एवढं त्यातून कळतं. झिजलेल्या रिंगा परत वाढत नाहीत, त्यामुळे ०.१२ आता स्वप्नातच.

यंदा उसाला सहा नंबर जाणार नाही. तिच्याजागी चार नंबर जाईल, चारही रबरी जोड बदलून आणि फिल्टरच्या हौसिंगवर लाल रंगात "उघडू नये" लिहून. पोरं विचारतात, मग हवा कधी मारायची? इंडिकेटर दाखवतो. अजून त्यांना ते पटलेलं नाही. कष्ट कमी झाले तर काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटतं.

परवा सकाळी साडेसहाला मामांचा फोन आला. न्हावा शेव्याच्या पार्किंगमध्ये होते. म्हणाले, "सपाटीवर हाय, रातभर थंड हाय. पट्टी अर्ध्याच्या जरा खाली. घालू का?"

"मिनिममच्या वर आहे ना?"

"हाय की."

"मग नका घालू. इकडं आल्यावर खुणांवर लावा."

फोन ठेवताना ते काहीतरी पुटपुटले. चहाच्या ढाब्यावरची केबिन आता ते उचलत नाहीत, पण चुकल्याचुकल्यासारखं होतं म्हणे.